चालणं वाढवू, की वजन उचलू?

एका ताईंच्या पत्राचा गोषवारा: वय 61. पाळी थांबून 11 वर्षं झाली. नुकत्याच केलेल्या डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 2.3 आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे 1.9 आला (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, ते हा आकडा सांगतो). स्वतःचं एकही हाड आजवर मोडलेलं नाही, पण आईचा खुबा 74व्या वर्षी पडून मोडला होता. गेली चार वर्षं रोज साडेपाच किलोमीटर चालणं कधी चुकवलं नाही, घड्याळात 8,000 पावलं पडतात, तरी रिपोर्ट असा का हे कळत नाही. डॉक्टरांनी "हाडांवर भार येईल असा व्यायाम करा" एवढंच सांगितलं. यजमान पाण्याची बादलीही उचलू देत नाहीत. मुलगी जिमला चल म्हणून मागे लागली आहे. मधल्या काळात व्हिडिओ पाहून पोटाचे व्यायाम सुरू केले. उताणं झोपून उठून बसणं, पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं वगैरे. दहा-बारा दिवसांत पाठ धरली, म्हणून सोडून दिले. प्रश्न तीन: पावलं 10,000 करू का? झिजलेल्या हाडांवर वजन टाकलं तर ती आणखी झिजणार नाहीत का? आणि दोन वर्षांच्या, 12 किलोच्या नातवाला उचलायचं की नाही?

ताई, नमस्कार.

सुरुवात 'झीज' या शब्दापासून करू, कारण तुमचे आणि यजमानांचे निम्मे गैरसमज त्याच्यातूनच आले आहेत. चप्पल झिजते, टायर झिजतं, जितकं वापरावं तितकं. गुडघ्यातली कूर्चा खराब झाली की आपण झीज म्हणतो, आणि हाडं ठिसूळ झाली तरी झीजच म्हणतो. दोन वेगळ्या आजारांना एकच शब्द. मग साहजिकच वाटतं, की हाड वापरून वापरून कमी झालं, आता उरलेलं जपून वापरावं.

तुमच्या रिपोर्टमधलं हाड घासून गेलेलं नाही. ते शरीराने स्वतः काढून घेतलं आणि पूर्ण परत भरलं नाही. हाडात हे काम आयुष्यभर चालू असतं. काही पेशी जुनं हाड खणून काढतात. एका जागी हे काम साधारण तीन आठवडे चालतं. मग दुसऱ्या पेशी येऊन तो खड्डा भरतात, त्याला तीन-चार महिने लागतात. असं करत दर वर्षी सांगाड्याचा सुमारे दहावा भाग नवा होतो. तरुणपणी खणणं आणि भरणं बरोबरीने चालतं. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, एकाच वेळी जास्त ठिकाणी खणती सुरू होते आणि प्रत्येक खड्डा थोडा अपुरा भरला जातो. पहिली पाच-सात वर्षं हा तोटा वेगाने होतो, पुढे संथपणे. तुम्ही त्या वेगवान टप्प्यातून गेलेल्या आहात. चार वर्षांचं चालणं कुचकामी ठरलं म्हणून रिपोर्ट असा आला, असं नाही.

वापराने हाड कमी होत असतं, तर अंतराळवीरांची हाडं सगळ्यांत धडधाकट राहिली असती. तिथे पायांवर भार शून्य. प्रत्यक्षात अंतराळ स्थानकावर राहणाऱ्यांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटत असे. पाळी गेल्यानंतरच्या बाईचं वर्षभरात जेवढं जातं, जवळपास तेवढं एका महिन्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही हेच होतं. यजमानांची काळजी समजते, पण बादली उचलू न देऊन ते तुमच्या हाडाला जो निरोप पाठवताहेत, तो "तुझी गरज नाही" असा आहे.

हा निरोप हाडाला कळतो कसा? हाडाच्या आत खोल गाडलेल्या पेशी असतात, ऑस्टिओसाइट. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच. त्यांचे बारीक धागे सूक्ष्म नळ्यांमधून एकमेकींना जोडलेले असतात. हाडावर भार आला की ते अगदी किंचित वाकतं. जोरदार हालचालीतही हजारात दोन-तीन भाग. त्या वाकण्याने नळ्यांमधला द्रव हलतो आणि पेशींना भार जाणवतो. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्यांना लगाम घालत असतात. भार पडला की तिथे स्क्लेरोस्टिन कमी होतं, लगाम सैल होतो. हाच लगाम सोडवणारं एक औषधही आता वापरात आहे, म्हणजे ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. या पेशी नेमकं काय मोजतात? रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी 1984 साली पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर बाहेरून मोजूनमापून भार देऊन पाहिला. दिवसाला फक्त 4 वेळा भार दिला तर हाड कमी होणं थांबलं. 36 वेळा दिला तर हाड वाढलं. 1,800 वेळा दिल्यावर मात्र 36 पेक्षा जास्त काहीच मिळालं नाही. त्याच सुमारास त्यांनी हेही दाखवलं, की भार नुसता ठेवून दिला, हलवला नाही, तर तो न दिल्यासारखाच. म्हणजे हाडाला संख्या फारशी कळत नाही. कळतं ते भाराचं मोठेपण, तो किती झटकन येतो, आणि तो नेहमीपेक्षा वेगळा आहे का.

तुमची 8,000 पावलं एकाच मापाची आहेत. सपाट रस्त्यावर चालताना पायाखाली शरीराच्या वजनाच्या एक ते दीडपट भार येतो. तुमचं हाड गेली साठ वर्षं हाच भार झेलतंय आणि त्याला पुरेल इतकं ते आहेच. पहिल्या काही डझन पावलांत त्याला जे कळायचं ते कळतं, उरलेली पावलं हृदयासाठी, साखरेसाठी, दमासाठी आणि मन ताजं राहण्यासाठी. तेही थोडं नाही. म्हणून चालणं सोडू नका. पण 8,000 चे 10,000 करून मणक्यात काही पडणार नाही. (10,000 हा आकडाही हाडांच्या अभ्यासातून आलेला नाही, 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला.) ती जादा वीस मिनिटं मला दुसऱ्या कामासाठी हवी आहेत. पोहणं आणि सायकल यांचीही हीच कथा: दम वाढतो, सांध्यांना सुख, पण पाणी आणि खोगीर भार स्वतःकडे घेतात. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्या खेळाडूंच्या मणक्यांची घनता कमी आढळते.

"पण या वयात हाड ऐकतं का?" असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी पत्रभर ते जाणवतं. खरं सांगायचं तर तरुणपणाएवढं ऐकत नाही. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. ज्या मुलींनी पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळ सुरू केला, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट दिसला. 1998 च्या एका अभ्यासात बायकांना आठवड्यातले सहा दिवस रोज 50 छोट्या उड्या मारायला दिल्या. पाळी चालू असलेल्यांच्या मांडीच्या हाडाची घनता पाच महिन्यांत 2.8 टक्के वाढली. पाळी गेलेल्यांमध्ये वर्षभराने मोजण्याजोगं काहीच नाही. वय वाढतं तशा ऑस्टिओसाइट कमी होतात, आणि भार ओळखण्याच्या यंत्रणेत इस्ट्रोजेनचाही हात असतो, तो सुटलेला असतो.

असे निकाल वाचून बराच काळ बायकांना दोन किलोचे डंबेल आणि चालणं एवढंच सांगितलं जायचं. मला वाटतं, यात चूक अशी झाली, की ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण आणखी हळू बोलत राहिलो. 2018 साली ऑस्ट्रेलियातला लिफ्टमोर हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 101 बायका होत्या, सरासरी वय 65, सगळ्यांची घनता कमी. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली: डेडलिफ्ट (खाली ठेवलेलं वजन उभं राहत उचलणं), स्क्वॅट (वजन घेऊन उठबस), डोक्यावर वजन नेणं, जोडीला बारला धरून उडी मारून खाली धपकन उतरणं. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. जड वजनवाल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्के वाढली, हलक्या व्यायामवाल्यांची 1.2 टक्के घटली. मांडीच्या हाडाच्या मानेत 0.3 टक्के वाढ विरुद्ध 1.9 टक्के घट. दुखापत म्हणाल तर जड गटात एकीची कंबर थोडी धरली, बस.

हे आकडे वाचून लगेच बार उचलायला जाऊ नका. तिथे प्रत्येक सत्रात शिकवणारा माणूस डोळ्यासमोर उभा होता आणि पहिला महिना हलक्या वजनावर नुसत्या हालचाली शिकण्यात गेला होता. अपेक्षाही मापातच ठेवा. मणक्यात 2.9 टक्के वाढ म्हणजे टी-स्कोअरमध्ये जेमतेम 0.2. तुमचा उणे 2.3 व्यायामाने उणे 1 होणार नाही. पण दर वर्षी जे जाणार होतं ते गेलं नाही, हीच मोठी मिळकत. शिवाय घनतेचा आकडा सगळं सांगत नाही. भारामुळे नवं हाड बहुधा बाहेरच्या कडेला, जिथे वाकण्याचा ताण जास्त तिथे चढतं. कडेला चढलेलं थोडंसं हाडही वाकून मोडण्याविरुद्ध खूप काम करतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर 2002 साली केलेल्या प्रयोगात घनता पाच टक्क्यांच्या आसपासच वाढली, पण हाड मोडायला 64 टक्के जास्त जोर लागला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण दिशा कळते.

आता पाठ धरली त्याबद्दल, आणि हे जरा थांबून वाचा. मणक्याचं हाड पुढच्या बाजूला ठोकळ्यासारखं असतं. पाठीतून पुढे वाकलं की सगळा दाब त्या ठोकळ्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ठिसूळ हाडात तीच कडा आधी चेपते. मणक्यात ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असलेल्या बायकांचा 1984 चा एक छोटा पण बोलका अभ्यास आहे. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्क्यांच्या मणक्यांत नंतर नवी चेपाचेप दिसली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये 89 टक्के. काहीच न करणाऱ्यांमध्ये 67 टक्के. म्हणजे चुकीचा व्यायाम हा व्यायाम न करण्यापेक्षाही वाईट ठरला. तुम्ही व्हिडिओ पाहून केलेत ते दोन्ही प्रकार याच यादीतले. ते कायमचे बंद. हातात वजन घेऊन कंबरेतून वळणंही बंद. पोट बळकट हवंच, पण त्यासाठी पाठ सरळ ठेवून करायचे प्रकार आहेत: उताणं झोपून, गुडघे वाकवून, एकेक टाच हळू सरकवत पाय लांब करणं, किंवा हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं.

वजनाला हात लावण्याआधी दोन कामं. एक, उंची मोजा. भिंतीला टेकून, पादत्राणं काढून, सकाळी. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली, किंवा गेल्या एक-दोन वर्षांत 2 सेंटिमीटर गेली, तर मणका चेपल्याची शंका घ्यायची. दोन, डॉक्टरांना सांगून छाती आणि कमरेच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढा. उंची बरोबर भरली तरी काढा, कारण तुमची पाठ नुकतीच धरली होती. मणक्याचे दोन-तृतीयांश फ्रॅक्चर त्या वेळी लक्षातच येत नाहीत. लोक "उसण भरली" म्हणून शेकत बसतात. एक्स-रेमध्ये चेपलेला मणका निघाला, तर टी-स्कोअर उणे 2.3 असो की उणे 1.5, ते ऑस्टिओपोरोसिसच धरलं जातं, औषध सुरू होतं आणि खालची सगळी योजना फिजिओथेरपिस्टच्या हाती द्यायची. मणके शाबूत निघाले, असं धरून पुढे लिहिते.

मुलगी जिमला चल म्हणते, त्यात तिचं अर्धं बरोबर आहे. जागेपेक्षा शिकवणारा महत्त्वाचा. पहिल्या भेटीत त्याला रिपोर्ट दाखवा आणि विचारा, "यात मी कोणते प्रकार करू नयेत?" उत्तरात पुढे वाकणं आणि पिळणं आलं नाही, तर दुसरा शोधा. निदान पहिले आठ-दहा वर्ग एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे झाले तर उत्तम.

सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे खुब्यातून वाकणं. एक लांब काठी पाठीला उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, खांद्याच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्हीकडे ती टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल, आणि मागे ठेवलेल्या खुर्चीला बूड लावायला जावं तसं बूड मागे न्या. धड आपोआप पुढे झुकेल. काठी तीनपैकी एका जागी जरी सुटली, तरी तुम्ही पाठीतून वाकलात. बहुतेकांची काठी माकडहाडापाशी सुटते, मांडीच्या मागचे स्नायू ताठ असले की. तिथेच थांबायचं, तितकंच खाली जायचं. हे वीस वेळा काठी न सुटता जमेपर्यंत हातात वजन नाही.

मग चार प्रकार, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवसांची मोकळीक. पहिला डेडलिफ्ट, पण वजन जमिनीवरून नाही. 30-40 सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावरून, काठीने शिकलात त्याच पद्धतीने. सुरुवात एकूण 5 ते 8 किलोंनी. दुसरा स्क्वॅट: आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ते दहा वेळा सहज झालं की डंबेल छातीशी धरून. तिसरा, डोक्यावर वजन नेणं, प्रत्येक हातात एक-दोन किलोंनी सुरू. खांदा दुखत असेल तर त्याऐवजी भिंतीवर हात टेकून दंड काढल्यासारखं. चौथा पाठीचा: पालथं झोपून, पोटाखाली उशी घेऊन, हात अंगालगत, कपाळ आणि छाती जमिनीपासून थोडी उचलायची, पाच मोजून खाली. हा दिसायला क्षुल्लक आहे, पण पोक येण्याविरुद्ध याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, आणि बहुतेक जिममध्ये तोच गाळला जातो.

पहिले चार आठवडे प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, 10 ते 12 वेळा, वजन हलकं. पुढचे दोन महिने तीन सेट, 8 वेळा. चौथ्या महिन्यापासून पहिल्या तीन प्रकारांत पाच सेट, 5 वेळा, आणि वजन इतकं की पाचव्यानंतर आणखी एखाद-दुसऱ्यांदाच उचलता आलं असतं. हाडाला उपयोग होतो तो इथे. पाठीच्या प्रकाराला वजन नाही, तो आठ-दहा वेळा तसाच चालू ठेवा. जड सेट झाला की दोन-तीन मिनिटं बसायचं, संकोच न करता. घाम काढणं हा इथे हेतूच नाही. सलग दोन सत्रांत शेवटच्या सेटलाही जोर शिल्लक वाटला, तर पाच ते दहा टक्के वजन वाढवायचं. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. श्वास कोंडला की रक्तदाब झपकन चढतो. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी त्या डॉक्टरांना विचारा.

जोडीला टाचा आपटणं. ओट्याला हात लावून उभ्या राहा, टाचा चार-पाच सेंटिमीटर उचला आणि धपकन सोडा, गुडघे सरळ पण ताठ लॉक केलेले नाहीत. धक्का टाचेतून खुब्यापर्यंत जाणवायला हवा. मऊ गादीवर किंवा जाड सोलच्या बुटात त्याचा अर्थ जातो. सकाळी 10, संध्याकाळी 10 पासून सुरू करून दीड-दोन महिन्यांत दिवसाला 50 पर्यंत न्या, पण एका दमात नको. सलग भार दिला की ऑस्टिओसाइट लवकर बधिर होतात; प्राण्यांवरच्या प्रयोगात त्या पूर्ववत व्हायला सुमारे आठ तास लागले. म्हणून सकाळी थोडे, दुपारी थोडे, संध्याकाळी थोडे. खऱ्या उड्यांकडे तीन-चार महिन्यांनी वळा, तेही गुडघे दुखत नसतील, एका पायावर 20 सेकंद उभं राहता येत असेल आणि शिकवणाऱ्याने हो म्हटलं असेल तर. खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब गळत असतील तर उड्या थांबवा. त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. फिजिओथेरपिस्टला मोकळेपणाने सांगा, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

बिघडतं कुठे? पहिली गडबड उत्साहाची. नव्या भाराला हाड आधी खणून मग भरून उत्तर देतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने काही ठिकाणी ते तात्पुरतं जास्त सच्छिद्र असतं. स्नायू मात्र सहाव्या आठवड्यातच म्हणू लागतात, "चल, अजून वाढव." तिथे घाई केली की पायाच्या पंजात, नडगीत किंवा खुब्यात ताणाची बारीक भेग पडू शकते. म्हणून एकाच आठवड्यात वजन आणि टाचांची संख्या दोन्ही वाढवायची नाहीत. स्नायू दुखणं दोन्ही बाजूंना, बोथट, दोन दिवसांत जाणारं असतं. एका बोटाने दाखवता येईल असं, भार दिला की वाढणारं, रात्रीही ठणकणारं दुखणं हाडाचं असू शकतं. विशेषतः जांघेत असं दुखलं तर त्यावर चालत राहू नका, लगेच दाखवा. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊनही भेग असू शकते.

दुसरी गडबड उलटी, आणि जास्त आढळणारी: दोन वर्षं तेच दोन किलोचे डंबेल. हाड त्याला सरावलं, निरोप संपला. तिसरी, सोडून देणं. 1988 च्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या बायकांनी 22 महिन्यांत मणक्यात सुमारे सहा टक्के कमावलं आणि व्यायाम सोडल्यावर 13 महिन्यांत त्यातलं जवळजवळ सगळं घालवलं. तेव्हा पहिल्या महिन्यातच असं वेळापत्रक आखा, जे आजारपण, प्रवास, लग्नकार्यं सांभाळून टिकेल. महिन्याभराचा खंड पडला तर पुन्हा अर्ध्या वजनापासून.

तुमच्या आईचा खुबा पडल्यामुळे मोडला. खुब्याची नव्वद टक्क्यांहून अधिक फ्रॅक्चर अशीच होतात, बहुतेकदा कुशीवर पडून. हाड कितीही कमावलं तरी पडणं टळलं तर फायदा त्याहून मोठा. तोल आणि पायांची ताकद यांच्या व्यायामाने घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतं, हे शंभराहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. तेव्हा रोज पाच मिनिटं: एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून 30 सेकंद उभं राहणं, मग एका पायावर, मग मान डावी-उजवी फिरवत; हात ओट्याजवळ असू द्या. स्वयंपाकघरात काहीतरी उकळायची वाट बघताना हे होऊन जातं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा, सुटी पायपुसणी बाद, चष्म्याचा नंबर तपासलेला. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्याबद्दलही डॉक्टरांशी बोला.

औषधाचं थोडक्यात. व्यायाम औषधाच्या जागी नाही आणि औषध व्यायामाच्या जागी नाही. तुमचा आकडा औषधाच्या उंबरठ्यावर आहे, आणि आईचा खुबा मोडलेला असणं ही हिशोबात धरायची गोष्ट आहे. डॉक्टरांना फ्रॅक्स गणनेने पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढायला सांगा. त्यात आई-वडिलांच्या खुब्याचा रकाना असतोच. सोबत थायरॉइड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. कॅल्शियम आहारातून धरून दिवसाला 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम, त्याहून जास्त घेऊन जादा हाड होत नाही. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम. जड व्यायाम करून प्रथिनं तोकडी ठेवली तर स्नायू कशातून बांधणार? (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.)

पुढचा डेक्सा सहा महिन्यांत करायचा मोह होईल. करू नका. खणून भरायची एक फेरीच चार-पाच महिन्यांची, आणि यंत्राच्या मोजणीतच तीनेक टक्के इकडेतिकडे होतात. दीड-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर करा, आणि टी-स्कोअरऐवजी ग्रॅममधली घनता ताडून बघा. वयोमानाने मणक्याच्या कडांना वाढलेल्या हाडामुळे कमरेचा आकडा खोटा चांगला दिसू शकतो, म्हणून खुब्याचा आकडाही सोबत वाचा. तोवर रोजच्या प्रगतीला वहीतली उचललेली वजनं पुरतील.

राहिला नातू. आज त्याला जमिनीवरून उचलू नका. पाठ नुकतीच धरलेली, एक्स-रे व्हायचा आहे, आणि हे वजन हात-पाय झाडतं, मध्येच मागे कलंडतं. पण मांडीवर घेणं सोडायचं कारण नाही. तुम्ही सोफ्यावर बसा, त्याला स्वतः चढून येऊ द्या. दोन वर्षांच्या मुलाला हे जमतं आणि आवडतंही. एक्स-रे स्वच्छ आला आणि स्टुलावरून 12 किलोंची डेडलिफ्ट पाच वेळा काठीच्या पद्धतीने होऊ लागली, की त्याला पलंगावर किंवा खुर्चीवर उभं करून तिथून उचला: आधी अंगाशी घट्ट, मग उठणं, आणि वळायचं तर कंबरेतून नाही, पावलं टाकून. 15 किलो जमिनीवरून उचलता येऊ लागले की त्यालाही तिथून उचला. आणि पाळण्याच्या कठड्यावरून वाकून, हात लांब करून त्याला बाहेर काढायचं काम तेव्हाही मुलीवर सोपवा.